पर्वरीच्या सोसायटीत व्यवस्थापन कंपनी: चवथीपासूनचा अनुभव

गेल्या चवथीपासून, म्हणजे गणेशचतुर्थीपासून, आमच्या गोव्यातल्या पर्वरीच्या सोसायटीचा कारभार एका व्यवस्थापन कंपनीकडे आहे. आता पावसाळा तोंडावर आलाय आणि करार वाढवायचा का, यावर सभा बसणार आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

रोजच्या कामाबद्दल तक्रार नाही. जिने स्वच्छ असतात, कचरा वेळेवर जातो, वीज गेली की जनरेटर लागतो. ॲपवर नळ गळतोय असं टाकलं तर बहुतेक वेळा त्याच दिवशी प्लंबर येतो.

माझी काळजी चाव्यांची आहे. आमच्याकडचे बरेच फ्लॅट मुंबई-दिल्लीच्या मालकांचे, वर्षातला बहुतेक काळ बंद. त्यांच्या चाव्या कंपनीच्या ऑफिसात. पाणीगळती झाली तर लागेल म्हणून इथे राहणाऱ्यांकडूनही एकेक घेतलेली. सगळ्या एका फळीवर खिळ्यांना लटकवलेल्या, प्रत्येकीवर फ्लॅटचा नंबर ठळक. कोणी नेली, कधी परत ठेवली, याची वही नव्हती. एका दुपारी आई घरात एकटी असताना एसीवाला थेट दार उघडून आत आला. नंबर चुकला म्हणाला. पुढे काही घडलं नाही, पण आई अजून दाराचा आवाज झाला की दचकते.

त्याची पोलीस पडताळणी झाली आहे का, असं मॅनेजरला विचारलं. ‘वॉचमनची झालीय,’ एवढंच उत्तर मिळालं. वॉचमनची होते, कारण खासगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा कायदा आहे. त्यात संस्थेला परवाना लागतो, माणसाच्या चारित्र्याची खातरजमा आणि प्रशिक्षण लागतं. सफाईवाला, इलेक्ट्रिशियन किंवा चाव्या सांभाळणारा मॅनेजर त्यात येत नाही. 2016 चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, बिल्डर आणि एजंट यांना बांधतो; सोसायटीने नेमलेल्या व्यवस्थापन कंपनीला परवान्याची अट त्यातही नाही. अमेरिकेत फ्लोरिडात 2021 साली एका तरुणीचा खून झाला. संशयित त्याच अपार्टमेंटचा मेंटेनन्स कामगार होता आणि तो मास्टर चावीने तिच्या घरात शिरला होता. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला: कर्मचाऱ्याची आधी पार्श्वभूमी तपासायची, प्रत्येक घराच्या चावीची नोंद ठेवायची, दुरुस्तीला आत येण्याआधी 24 तास कळवायचं. यातलं काहीही आपल्याकडे अशक्य नाही.

दुसरी गोष्ट आगीच्या पंपाची. पाइपलाइनमध्ये कुठेतरी गळती आहे, त्यामुळे दाब उतरतो आणि पाइपातला दाब राखणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू होतो. गळती शोधायची सोडून कंपनीने अख्खं पॅनल ‘मॅन्युअल’वर टाकलं. म्हणजे रात्री आग लागली तर कोणीतरी पंपघरात धावत जाऊन बटण दाबेपर्यंत हायड्रंटला, म्हणजे आग विझवायच्या नळाला, पाण्याचा जोर नाही. महिन्याच्या अहवालात मात्र ‘अग्निशमन यंत्रणा: सुस्थितीत’. याचा मला सर्वांत जास्त राग आला.

सज्जाच्या स्लॅबचं प्लास्टर सुटून खाली पडलं, तेव्हा कंपनीने दुरुस्तीचा खर्च मेंटेनन्सच्या पैशांतून दाखवला. ताबा मिळून पाच वर्षं झालेली नाहीत. रेराच्या कलम 14 प्रमाणे असा दोष कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. कंपनी बिल्डरच्याच ओळखीतून आली आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. आम्ही बिल्डरला लेखी कळवलं, तेव्हा त्याची माणसं येऊन काम करून गेली.

समितीने आग्रह धरल्यावर चाव्या कुलुपाच्या कपाटात गेल्या. आता प्रत्येक चावी बंद पाकिटात, पाकिटावर मालकाची सही, आणि वही वॉचमनच्या टेबलावर. नंबराऐवजी खुणेचा कोड. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या फ्लॅटच्या मालकांकडून पर्यटन खात्याच्या नोंदणीची प्रतही मागितली आहे. गोव्याच्या 1982 च्या कायद्याने ती लागतेच. काहींनी दिली, काही टाळताहेत.

करार वाढवायला माझा विरोध नाही. पण कामगारांची पडताळणी आणि चावीची वही करारातच लिहिलेली हवी, नाहीतर मॅनेजर बदलला की फळी पुन्हा भिंतीवर येईल. आणि पंप ‘ऑटो’वर चालताना समितीने उभं राहून बघितल्याशिवाय सही करू नये, असं मी अध्यक्षांना पत्र दिलं आहे.