पोरगं ट्रेनिंगला गेल्यावर: अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र आणि स्पीड पोस्ट, कशाचा किती उपयोग

मुलगा अग्निवीर म्हणून बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात, नाशिकरोडला तोफखाना केंद्रात किंवा नौदलासाठी ओडिशातल्या चिल्क्याला गेला, की घरच्यांचे पहिले काही आठवडे फोनकडे बघण्यात जातात. बऱ्याच केंद्रांत सुरुवातीला मोबाइल जमा करून घेतात. पुढे रविवारी थोडा वेळ हातात देतात, पण दर रविवारी देतीलच असं नाही. या काळात आईबापांना खरा आधार देणारी सेवा टपालाची आहे, आणि त्यातही सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात जास्त उपयोगी पडते: निळं, घडी घालून चिकटवायचं आंतरदेशीय पत्र, किंमत २.५० रुपये.

स्पीड पोस्टाचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले. ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी ४७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे बाहेरगावी एका पाकिटाला साधारण ५५ रुपये पडतात. तेवढ्यात बावीस आंतरदेशीय पत्रं येतात. आईबापांना आणि मुलाला गरज असते ती वारंवार येणाऱ्या पत्राची. एक पत्र दोन दिवस आधी पोचल्याने फार फरक पडत नाही. आठवड्याला दोन, ठरलेल्या वारी, हे प्रमाण बरं. रोज लिहायला घेतलं तर पंधरा दिवसांत लिहायचं संपतं आणि मग मोठा खंड पडतो. तो खंड मुलाला जास्त जाणवतो.

आता पत्राविषयी. कागद पातळ असतो. जेल पेनाची आणि शाईपेनाची शाई मागच्या बाजूला उमटते, म्हणून साधं बॉलपेनच वापरा. चिकटवायच्या तिन्ही कडांना बोटभर जागा कोरी सोडा, नाहीतर फोडताना नेमकी शेवटची ओळ फाटते. कडेचा गोंद कच्चा असतो. वर जरा फेव्हिकॉल लावा, पण चिमूटभरच. जास्त लागला तर तो आतल्या मजकुराला चिकटतो. पावसाळ्यात कोरी पत्रं गठ्ठ्यातच एकमेकांना चिकटून बसतात, तेव्हा ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि आत काहीही घालायचं नाही: फोटो नाही, अंगारा नाही, नोट तर नाहीच. तशी मनाईच पत्रावर छापलेली असते.

फोटो पाठवायचा असेल तर साधं पाकीट आणि ५ रुपयांचं तिकीट. यात २० ग्रॅम बसतात. ए-फोर आकाराचा नेहमीचा कागद एक ५ ग्रॅमचा, त्यामुळे दोन कागद, एक पोस्टकार्ड आकाराचा फोटो आणि हलकं पाकीट एवढं निभतं. तिसरा कागद घातलात तर आणखी ५ रुपयांचं तिकीट लावा. तिकीट कमी पडलं की पत्र नॉटपेड होतं आणि दंडाचे पैसे घेणाऱ्याकडे मागतात. केंद्रात रिक्रूटच्या, म्हणजे नव्याने भरती झालेल्या मुलाच्या, वतीने ते कोण भरणार? पत्र परत येतं.

आंतरदेशीय पत्राची मोठी अडचण म्हणजे ते मिळतच नाही. लहान पोस्टांत 'संपलीत' हे उत्तर ठरलेलं. मुख्य डाकघरात जा आणि एकदम पन्नास घ्या, सव्वाशे रुपयांत चार महिन्यांची सोय होते. त्यातली पंधरा मुलगा निघण्याआधी घरचा पूर्ण पत्ता आणि पिन घालून त्याच्या सामानात द्या. दिवसभराच्या कवायतीनंतर मुलाच्या अंगात पत्ता लिहिण्याचंही त्राण नसतं. पत्ता आधीच असला तर चार ओळी खरडून तो पेटीत टाकतो. संपूर्ण व्यवस्थेत सगळ्यात जास्त फळ देणारी गोष्ट हीच, आणि नेमकी तीच बहुतेक घरी राहून जाते.

केंद्राचा पत्ता चुकला तर बाकी सगळं फुकट. क्रम असा: हुद्दा (रिक्रूट, अग्निवीर किंवा कॅडेट), मिळालेला क्रमांक, पूर्ण नाव, प्लाटून, कंपनी, प्रशिक्षण बटालियन, केंद्राचं नाव, गाव, पिन. एकाच कंपनीत पाटील, जाधव, शिंदे डझनभर असतात, तेव्हा क्रमांकाशिवाय पत्र भलत्याच पाटलाच्या हातात पडू शकतं. खडकवासल्याला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) असेल तर प्लाटूनऐवजी स्क्वाड्रन लिहायचं, पिन ४११०२३. पत्ता इंग्रजीत, सुट्ट्या मोठ्या अक्षरांत लिहा. बेळगावपर्यंत मराठी पत्ता चालूनही जाईल, चिल्क्याला तो वाचणार कोण?

पोचायला किती दिवस? साध्या पत्राला आठवडा धरून चला. केंद्राच्या पोस्टात आल्यावरही ते कंपनीवार वेगळं होतं, मग प्लाटूनमध्ये वाटलं जातं. स्पीड पोस्टालाही ही शेवटची पायरी चुकत नाही. दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आय-एन असा पावतीवरचा क्रमांक टाकून बघितलं आणि 'डिलिव्हर्ड' दिसलं, तर त्याचा अर्थ केंद्राच्या डाकवाल्याने टपाल ताब्यात घेतलं, एवढाच. मुलाच्या हातात पडायला त्यानंतर एक-दोन दिवस जातात. 'मिळालं दिसतंय, मग फोन का नाही?' ही घालमेल इथूनच सुरू होते, आणि ती बिनकारणाची असते.

तरी स्पीड पोस्ट एका कामाला हवंच: कागदपत्रांना. केंद्राने एखादा दाखला किंवा बँकेची कागदं मागवली तर साध्या टपालाने पाठवू नका. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. खिडकीवर ओटीपी घालून देण्याची सोय घ्यायची का विचारतील. ५ रुपये अधिक जीएसटी एवढाच खर्च आहे म्हणून हो म्हणू नका. ओटीपी जातो घेणाऱ्याच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल केंद्रात कुलपात आहे. नोंदणीची जादा सोयही नको, कारण तेव्हा टपाल त्याच माणसाच्या किंवा त्याने नेमलेल्याच्या हाती द्यावं लागतं, आणि रिक्रूट त्या वेळी मैदानावर असतो. खाजगी कुरिअरचं तेच: डिलिव्हरीवाला गेटवरून फोन लावतो, फोन बंद, पार्सल माघारी.

लाडू-चिवड्याचे डबे पाठवायचा मोह आवरा. बाहेरचं खाणं बरीच केंद्रं मुलांना देत नाहीत, आणि परत आलेला डबा बघून घरात जे होतं ते टाळलेलंच बरं. राखी मात्र जरूर पाठवा. त्या दिवसांत पोस्टात पाण्याने न भिजणारी राखीची पाकिटं मिळतात. ती पंधरा दिवस आधी टाका.

पत्रात काय लिहायचं, यावर थोडं जास्त बोलायला हवं. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख घाला, मुलालाही तसंच सांगा. जाणारी आणि येणारी पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडतात. तुमच्या चौथ्या पत्राचं उत्तर येतं तोवर तुमचं सहावं गेलेलं असतं, आणि क्रमांक नसला की प्रश्न एकीकडे, उत्तर तिसरीकडे होतं. पहिलं पत्र बहुधा रडवेलं येतं: पाय सुजलेत, झोप होत नाही, मला न्यायला या. ते वाचून बाप रातोरात गाडी पकडायला निघतो. थांबा, आधी तारीख बघा. आठवड्यापूर्वीच्या एका वाईट संध्याकाळचं ते पत्र आहे. पुढचं पत्र येईपर्यंत थांबा. त्यातही तेच असेल, किंवा दुखापतीचा, तापाचा स्पष्ट उल्लेख असेल, तर कंपनी कार्यालयात फोन करा. तो क्रमांक सोडायला जाल त्या दिवशीच लिहून घ्यायचा. घरात कुणी अत्यवस्थ असेल तर तेही तिथेच फोनने कळवायचं, पत्राने नाही.

तुमच्या पत्रात 'तुझ्याविना घर खायला उठतं' हे एकदा लिहा, प्रत्येक वेळी नको. गाय व्याली, विहिरीला पाणी किती, धाकटीला गणितात किती मिळाले, कबड्डीत कोण जिंकलं, असलं लिहा. मुलं ही पत्रं पुन्हा पुन्हा वाचतात, शेजारच्या खाटेवरच्यालाही वाचून दाखवतात. वडिलांनी स्वतःच्या हाताने निदान दोन ओळी लिहाव्यात. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

प्रशिक्षण संपताना शपथेची कसम परेड होते, तिच्या आधी दोन आठवडे पत्रं थांबवा, नाहीतर शेवटची दोन-तीन केंद्रातच पडून राहतात. पुढे युनिटला गेल्यावर पत्ता बदलतो आणि बऱ्याचदा '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्करी डाकघर) असा येतो. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली पिनकोडची पद्धत आपल्या कोकणातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली. तिच्यात ९ हा पहिला आकडा लष्करी टपालासाठी राखून ठेवलेला आहे. त्या पत्त्यावर गावाचं नाव घालायचं नाही. मुलगा कुठे आहे हे तुम्हाला माहीत असलं तरीही नाही. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, एपीओ आणि ९ ने सुरू होणारा पिन एवढंच लिहा. उरलेली निळी पत्रं तिथेही चालतात.