डब्ल्यूडब्ल्यूई की एईडब्ल्यू? आठ महिने दोन्ही पाहिल्यावर

१ एप्रिल २०२५ पासून अमेरिकन कुस्तीचं डब्ल्यूडब्ल्यूई भारतात नेटफ्लिक्सवर आलं. माझा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन होताच. त्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीचं एईडब्ल्यू धाकट्या भावाच्या हट्टापायी घेतलं, दुसऱ्या ॲपवर, वेगळी वर्गणी भरून. परळच्या आमच्या एका खोलीत तेव्हापासून दोन पक्ष आहेत.

आधी वेळेचं सांगतो. मंगळवारी डब्ल्यूडब्ल्यूईचं रॉ, गुरुवारी एईडब्ल्यूचं डायनामाइट, दोन्ही सहसा पहाटे साडेपाचला. अमेरिकेत थंडीत घड्याळं मागे गेली की साडेसहाला. साडेपाच ही आमची पाण्याची वेळ. पहिली मॅच पिंप भरता भरता नुसती ऐकायची.

खरी कसोटी लागली २१ सप्टेंबरला. एईडब्ल्यूचा मोठा कार्यक्रम ऑल आउट ज्या दिवशी, त्याच दिवशी डब्ल्यूडब्ल्यूईने रेसलपलूझा ठेवलं. मग एईडब्ल्यूने टोरांटोचा कार्यक्रम तिथल्या दुपारी तीनवर आणला, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. तिकडच्यांची सोय झाली, आमचं जागरण. साडेचारला माझ्या फोनवर जॉन सीना ब्रॉक लेसनरच्या एफ-फाइव्ह डावाचे आपटे खात होता आणि भाऊ डोळे लाल करून 'मॅच आमच्याकडे असतात' म्हणून वाद घालत होता. सर्वपित्रीच्या स्वयंपाकाला उठलेली आई म्हणाली, "त्यांचं सगळं ठरलेलं असतं ना रे? मग तुम्ही कशाला भांडताय?"

भावाचं म्हणणं मॅचपुरतं खरं आहे. पण एईडब्ल्यूची अर्ध्या तासाची मॅच लोकलच्या गर्दीत तुकड्यातुकड्याने बघण्यात मजा नाही. रॉमधली बोलाचाली परळ ते ठाणे आरामात बघून होते, आणि गोष्ट रंगवावी ती डब्ल्यूडब्ल्यूईनेच.

पक्षांतरं तर आपल्या राजकारणाला लाजवतील. कोडी ऱ्होड्स २०१९ मध्ये एईडब्ल्यू उभी करणाऱ्यांतला. २०२२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत परतला, २०२४ मध्ये त्यांच्या सर्वात मोठ्या कार्यक्रमात, रेसलमेनियात, चॅम्पियन. माझा हिरो, भावाचा गद्दार. भावाच्या लाडक्या मॉक्सलीने २०१९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईतून एईडब्ल्यूत उलटी उडी मारली, ते मात्र त्याला चालतं!

२००१ मध्ये जुनी प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतल्यावर अठरा वर्षं डब्ल्यूडब्ल्यूईसमोर तोलाचं कुणी नव्हतं. ते आळसावलेलं डब्ल्यूडब्ल्यूई मी शाळेपासून पाहिलंय. म्हणून मला दोन्ही हवेत, भावासमोर कबूल करणार नाही.

नोव्हेंबरात एईडब्ल्यूची वर्गणी संपली तेव्हा भावाचा पगार झाला नव्हता. मीच भरली. गुरुवारी त्याच्याआधी उठलो. पाण्यासाठी.