अलास्का क्रूझच्या कपड्यांचं ‘पूर्ण किट’ घेताना आम्ही कसे फसलो

गेल्या जूनमध्ये आम्ही चौघं सिॲटलहून अलास्काच्या क्रूझला गेलो. मी, नवरा, मुलगी आणि भारतातून आलेली माझी आई. आई ७१ वर्षांची. हिमनदी डोळ्यांनी बघायची हे तिच्या मनात फार वर्षांपासून होतं. त्या प्रवासाचे कपडे घेताना मी फसले. पैसे गेले ते गेलेच, पण त्याचा त्रास आईला भोगावा लागला, आणि ते मला अजून सहन होत नाही. तुमच्यापैकी कुणी आत्ता बॅगा भरत असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

या लोकांनी मला गाठलं ते एका चांगल्या सल्ल्याने. सोशल मीडियावर ‘अलास्का क्रूझ पॅकिंग लिस्ट, मोफत’ अशी जाहिरात आली. मी ईमेल पत्ता दिला, यादी आली. यादी अगदी बरोबर होती. उन्हाळ्यातसुद्धा तिथे एकाच दिवशी ऊन, धुकं आणि पाऊस असू शकतो, म्हणून थरांमध्ये कपडे घाला. अंगालगत मेरिनो लोकर, मध्ये फ्लीस, वर वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट. जीन्स आणि सुती कपडे नकोत, कारण भिजलं की ते वाळत नाहीत आणि अंगातली ऊब शोषून घेतात. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यामुळे शेवटी दिलेल्या ‘पूर्ण किट’च्या लिंकवर माझा आपसूक विश्वास बसला.

चौघांची किट ४३६ डॉलरला. तसे कपडे दुकानात घेतले तर निदान तिप्पट पडले असते. दुकान बंद करत असल्याने शेवटचा सेल आहे असं लिहिलं होतं आणि वर घड्याळाचे आकडे उलटे पळत होते. क्रेडिट कार्ड टाकलं तर ‘व्यवहार होऊ शकला नाही’. दोनदा तेच. लगेच चॅटवर कुणी तरी हजर. कार्डाची यंत्रणा बिघडली आहे, बँक खात्यातून थेट पाठवा, १० टक्के आणखी सूट देतो. मी पाठवले. हातात कार्ड असताना मी तसं का केलं, हा प्रश्न मी स्वतःला शंभरदा विचारला आहे. आईसाठी सगळं वेळेत यायला हवं होतं, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं.

एप्रिलच्या शेवटी मागवलेलं सामान निघायच्या पाच दिवस आधी आलं. हा उशीर मुद्दाम केलेला असतो अशी माझी आता खात्री आहे, कारण परत करायला वेळच उरत नाही. जॅकेटं दिसायला छान होती. लेबलवर ‘१५,००० मिमी’ छापलेलं. कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, त्याचा हा आकडा असतो. मी नळाखाली बाही धरली, तर थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळले. मी निश्चिंत झाले. खरं तर ती नुसत्या वरच्या लेपाची करामत. तो लेप स्वस्तातल्या कापडालाही देतात आणि सततच्या पावसात तो फार टिकत नाही.

पहिलं बंदर केचिकान. तिथे वर्षाला सुमारे १५० इंच पाऊस पडतो. धक्क्याजवळच पावसाचं मोठं मापक उभं केलेलं आहे, त्यावर १९४९ सालचा २०० इंचांहून जास्त पावसाचा विक्रम लिहिलेला आहे. आम्ही त्याच्यासमोर हसत फोटो काढला. वीस मिनिटांनी क्रीक स्ट्रीटच्या लाकडी पुलावर आई म्हणाली, ‘‘अगं, माझ्या खांद्यातून पाणी आत येतंय.’’ मी हात घातला, तर आतला ‘मेरिनो’चा सदरा कोपरापर्यंत ओला आणि बर्फासारखा गार.

जहाजावर परत आल्यावर मी जॅकेट उलटं केलं. चांगल्या जॅकेटच्या शिवणींवर आतून उष्णतेने चिकटवलेली टेप असते, सुईने पडलेली भोकं त्याने बंद होतात. आमच्या जॅकेटांवर त्या जागी राखाडी पट्टी नुसती छापलेली होती. नखाने खरवडली तर रंग नखात आला. हे घरी दिव्याखाली बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

दुसऱ्या दिवशी जुनोला लख्ख ऊन. लोक टी-शर्टवर फिरत होते. आईला मात्र रात्रीपासून ताप होता. आम्ही तिघांनी तिथल्या दुकानातून साधे रेनकोट घेतले, आईच्या मापाचा मिळाला नाही. जहाजावरच्या डॉक्टरांनी तिला गारठ्यात जाऊ देऊ नका असं बजावलं.

आणि मग ग्लेशियर बे. नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर आले, ध्वनिक्षेपकावर माहिती सांगत होते. जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबलं. बर्फावरून थंड, जड हवा खाली उतरते, तिचा वारा डेकवर कापत होता. सगळं जहाज बाहेर उभं होतं. कडा तुटून पाण्यात कोसळला की आधी दिसतं आणि मग तो गडगडाट ऐकू येतो. आई काचेच्या आत शाल गुंडाळून बसली होती. मी तिच्याकडे गेले, तर म्हणाली, ‘‘राहू दे गं, मला इथूनही दिसतंय.’’ तो आवाज काचेतून नीट ऐकू येत नव्हता.

घरी आल्यावर मी त्या विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, १५ टक्के परत देतो, माल ठेवा. मी नाही म्हटलं. मग २५, मग ४०. परत पाठवायचं असेल तर परदेशातला पत्ता आणि टपालखर्च मालाच्या किमतीएवढा. या घासाघिशीत तीन आठवडे गेले आणि एक दिवस संकेतस्थळच नाहीसं झालं. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. क्रेडिट कार्ड असतं तर अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. म्हणून कार्ड ‘चालत नाही’ म्हटल्यावर तिथेच थांबा, कितीही सूट देवोत. मी फेडरल ट्रेड कमिशन आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे विभागाकडे तक्रार नोंदवली आहे. पैसे परत येतील अशी आशा नाही, पण नोंद व्हायलाच हवी. नंतर पाहिलं तर त्या संकेतस्थळाचं नाव मी खरेदी केली त्याच्या जेमतेम दोन महिने आधी नोंदवलेलं होतं. हे कुणालाही मोफत बघता येतं. मी ते पैसे देण्याआधी बघायला हवं होतं.

कपडे निघायच्या निदान तीन आठवडे आधी हातात असू द्या. जॅकेटच्या आत कोरडा टॉवेल भरून दहा मिनिटं शॉवरखाली ठेवा, खांद्यावर हाताने दाबा, मग टॉवेल बघा. नुसते थेंब घरंगळताना बघून फसू नका.

लोकरीची परीक्षा मात्र आईने शिकवली. ताप उतरल्यावर तिने त्या ‘मेरिनो’ सदऱ्याचा एक दोरा ओढला आणि बशीत धरून काडी लावली. ‘‘खरी लोकर असती तर केस जळल्यासारखा वास आला असता आणि बोटाने चुरली असती,’’ ती म्हणाली. दोरा वितळला, आक्रसला, आणि बशीत एक कडक काळा मणी उरला.