लस देणाऱ्या सिस्टरना पैकीच्या पैकी, बसायच्या जागेला मात्र नाही

बाळाच्या दीड महिन्याच्या लसी या लसीकरण केंद्रात घेतल्या. रिव्ह्यूमध्ये सगळे पार्किंग आणि एसीबद्दल लिहितात, पण सुई ज्यांच्या हातात असते त्यांच्याबद्दल कोणी लिहीतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

सिस्टरनी आधी कार्ड नीट वाचलं, बाळ आजारी होतं का, मागच्या लसीनंतर काही त्रास झाला का विचारलं, आणि मी काही न विचारता बाटली माझ्यासमोर धरली. लेबलवर एक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन, तो चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तरच लस वापरायची, रंग सारखा झाला किंवा जास्त गडद झाला की बाटली बाद. लस २ ते ८ डिग्रीत ठेवतात ना, बाहेरची उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो म्हणे. बाहेर एवढी गर्दी असताना त्यांनी हे शांतपणे समजावलं, मला फार बरं वाटलं.

बाळाला टेबलावर दाबून वगैरे धरलं नाही. "आई, तुम्हीच मांडीवर घ्या आणि दूध पाजत राहा" म्हणाल्या. रोटाचा (जुलाबाच्या रोटाव्हायरसवरच्या लसीचा) तोंडावाटे द्यायचा डोस आधी दिला कारण तो गोड असतो, मग मांडीत इंजेक्शनं, त्यातलं जास्त दुखणारं सगळ्यात शेवटी. रडलं, पण लगेच शांतही झालं. मी चोळायला गेले तर पटकन थांबवलं, टोचलेली जागा चोळायची नाही. सुईला परत टोपण न लावता सिरिंज सरळ डब्यात टाकली.

आता बाहेरच्या मदतनीस ताई. एक जोडपं ताप येईल म्हणून परत निघालं होतं, ताईंनी त्यांना ना टोमणा मारला ना घाबरवलं, शेजारी बसून सगळं ऐकून घेतलं, ताप साधारण एकदोन दिवसांत उतरतो आणि कशासाठी लगेच डॉक्टरकडे यायचं ते सांगितलं. थांबले ते लोक! मला सोमालियाचे अली माओ मालिन आठवले, १९७७ मध्ये नैसर्गिकरीत्या देवीचा रोग (स्मॉलपॉक्स) झालेला जगातला शेवटचा रुग्ण, दुखेल म्हणून त्यांनी लस टाळली होती आणि पुढे तेच पोलिओच्या लसीसाठी लोकांना समजावत फिरले. घाबरलेल्या माणसाला असंच कोणीतरी जवळ बसून सांगावं लागतं.

वाईट म्हणजे लसीनंतर अर्धा तास थांबायची खोली फारच लहान आहे, बाळंतिणी उभ्या होत्या, आणि नंबर पुकारलेला आत ऐकूच येत नाही. हे खरंच सुधारायला हवं, कारण अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन आलीच तर बहुतेक वेळा त्याच वेळात येते, लोक कंटाळून निघून गेले तर काय उपयोग.

जाताना कार्ड न विसरता न्या, आणि मांडी पटकन मोकळी होईल असेच कपडे बाळाला घाला.