टाटा इस्टेट (१९९४): तीन वर्षं वापरली, आणि कुठून आली तेही शोधलं

"मर्सिडीज आहे का हो ही?" पेट्रोल पंपावर, टोल नाक्यावर, लग्नाच्या हॉलबाहेर, सगळीकडे हाच प्रश्न. दरवेळी मी थांबून सांगतो की नाही, टाटाची इस्टेट आहे, आपल्या पुण्यातली. पटत नाही लोकांना. एका काकांनी तर पाठीमागे जाऊन हात फिरवून बघितलं आणि म्हणाले, अरे लोगो काढून टाकला असेल कोणीतरी.

दिसायला साम्य आहे हे खरंय. मागून, विशेषतः संध्याकाळच्या उजेडात, त्या काळातल्या मर्सिडीजच्या टी मालिकेतली लांबडी गाडीच आठवते. त्यात टेल्को (म्हणजे आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ असा १५ वर्षं होता, टेल्कोच्या ट्रकवर तेव्हा मर्सिडीजचा तो तारा असायचा, त्यामुळे लोकांनी धागा जोडून टाकला की हीपण तिकडचीच. पण करार संपून २३ वर्षं झाल्यावर ही आली, १९९२ ला. पुण्यात मर्सिडीजच्या कार बनायला लागल्या त्या १९९५ ला. म्हणजे इस्टेट आधीची.

हिची खरी आई वेगळीच आहे. टाटामोबाईल नावाचा पिकअप आठवतोय का, १९८८ चा? त्याच पायावर १९९१ ला सिएरा आली, १९९२ ला इस्टेट आणि १९९४ ला सुमो. चौघांत तेच १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, मेकॅनिक लोक त्याला चार-त्र्याऐंशी म्हणतात, ४ सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर म्हणून ४८३. टर्बो नाही. वरून गाडी कितीही साहेबी दिसली तरी खाली वाकून बघितलं की मागे स्प्रिंगचे पाटे दिसतात, माल वाहायच्या गाडीला असतात तसे. मला तर हे कळल्यावर गाडी जास्त आवडायला लागली, कारण इथल्या लोकांनी आपल्याकडे जे होतं त्यातूनच ही उभी केली.

आता चालवायला कशी आहे ते. पॉवर स्टिअरिंग आणि पॉवर विंडो, ते पण १९९२ ला, जेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत काच हाताने गोल गोल फिरवून खाली घ्यायचे. सीट रुंद, मागे जागा एवढी की पाच माणसं बसून वर सगळ्यांच्या बॅगा, आईचं व्हीलचेअर आणि आंब्याच्या चार पेट्या, आणि तरी आरशातून मागचं दिसतं. हायवेला ८० वर लावून ठेवली की दिवसभर चालते, मला अकरा-बारा देते लिटरला. ओव्हरटेक मात्र आधीपासून ठरवून करायचा. खंबाटकी चढताना एसी बंद, गिअर खाली, डावी लेन, आणि ट्रकवाल्यांशी भांडण नाही. घाई असणाऱ्याने ही घेऊच नये, मनापासून सांगतोय. थंडीत सकाळी हीटर प्लग नीट तापू द्यायचे मग स्टार्टर मारायचा, नाहीतर बॅटरी बसते. रिकामी असेल तर मागून आपटते, भरलेली असेल तर गादीवर बसल्यासारखी जाते, ते पाट्यांमुळेच.

पार्टचं म्हणाल तर इंजिनचं काहीही अडत नाही, सुमोचं सामान बसतं, नाना पेठेत तासाभरात मिळतं. पण बॉडीचं? विचारू नका. टेल लॅम्प, मागच्या काचेचं रबर, दाराच्या पट्ट्या, यासाठी मी जुना बाजार किती रविवार पालथा घातला आणि कुर्ल्याला सीएसटी रोडला दोनदा जाऊन आलो, शेवटी एक टेल लॅम्प मिळाला तो पण तडा गेलेला. विकत घेणाऱ्याने आधी डिकीच्या दाराची खालची कड बोटाने दाबून बघा, माझ्या गाडीत तिथे रंगाखाली नुसती पुट्टी होती, बोट आत गेलं. तेवढ्या पत्र्याचं काम मला इंजिनच्या कामापेक्षा महाग पडलं.

आणि आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसलो ते. मी ही एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेतली. तो म्हणाला, सिंगल हँड डॉक्टरची गाडी, इंजिन ओरिजिनल, कंपनीचं, खोललेलंसुद्धा नाही. आरसीच्या स्मार्ट कार्डवरचा (गाडीच्या नोंदणीचं कार्ड) इंजिन नंबर मी टॉर्च लावून जुळवून बघितला, बरोबर होता, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ट्रेसिंग घेतलं, तेही बरोबर. मी निर्धास्त. पण कार्डावर मालकाचा क्रमांक होता चार. म्हणजे आधीचे तिघं कोण? नंबर एमएच-११, म्हणजे पहिली सातारची, एवढाच धागा. विचारत विचारत, एका जुन्या गॅरेजवाल्याच्या ओळखीने, पहिल्या मालकांच्या घरी पोचलो. डॉक्टरच होते, तेवढं खरं निघालं. आता ऐंशीच्या पुढचे.

त्यांनी फायली जपून ठेवलेल्या. जुन्या आरसी बुकाची झेरॉक्स काढली, ते हाताने लिहिलेलं, आरटीओचा जांभळा शिक्का मारलेलं. मी माझं पेन्सिलचं ट्रेसिंग शेजारी ठेवलं. चेसिस नंबर अक्षर न् अक्षर जुळला. इंजिन नंबर वेगळा. डॉक्टरांनीच मग दुसऱ्या मालकाला फोन लावून दिला, तो म्हणाला हो, इंजिन बसलं होतं म्हणून सुमोचं टाकलं आणि आरटीओत रीतसर नोंद करून घेतली. कागद कायदेशीर आहेत, गाडी पण छान चालते, पण माझ्याकडून ओरिजिनलचे पैसे घेतले गेले याचा राग अजून आहे. म्हणून सांगतो, कार्डावर शेवटचाच नंबर दिसतो, पहिल्या बुकाची झेरॉक्स मागा, डीलर नाही म्हणाला तर पहिला मालक शोधा.

डिकीत एक बांबूची काठी होती, हातभर, एका टोकाला लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली. मी मेकॅनिकची समजून दोनदा टाकायला निघालो होतो. डॉक्टरांच्या मिसेस, काकू, बाहेर आल्या, गाडीला चक्कर मारली, दार उघडलं आणि म्हणाल्या, अगंबाई, ही अजून आहे? डिकीचे शॉकर गेल्यावर दार डोक्यात पडायचं म्हणून त्यांनी ती टेकू लावायला केली होती, पत्र्याला चरा पडू नये म्हणून सासूबाईंच्या लुगड्याची चिंधी बांधलेली. चार मालक झाले, इंजिन बदललं, रंग दोनदा झाला, ती काठी कोणी टाकली नाही.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा फक्त पार्ट मिळत नाहीत म्हणून कापला. सरकारी नियमात विंटेज म्हणायला ५० वर्षं लागतात, तो नंबर प्लेटवर व्हीए अक्षरं असलेला विंटेजचा नंबर तेव्हाच, म्हणजे माझ्या गाडीला २०४४ उजाडणार, तोपर्यंत फिटनेस आणि ग्रीन टॅक्स भरत राहायचं. २००० ला बनवणं बंद झालं त्यामुळे ज्या आहेत त्याच आहेत. कोणाच्या गोठ्यात, गोडाऊनमध्ये पडलेली असेल तर प्लीज भंगारात देऊ नका. आणि डाव्या बाजूच्या मागच्या काचेचं रबर कोणाकडे असेल तर कळवा, थोडं कडक झालेलं असलं तरी चालेल, सांगली-कोल्हापूरपर्यंत मी स्वतः येऊन घेऊन जाईन.