दुबईची क्यूई-२: मुक्कामाला चांगली, पण समुद्रात परत सोडायला नको

दुबईच्या मीना रशीद बंदरात कायमची बांधून ठेवलेली 'क्वीन एलिझाबेथ २', म्हणजेच क्यूई-२, हॉटेल म्हणून पाचपैकी साडेतीन गुणांची आणि जहाज म्हणून साडेचारची. दोन वेगळे गुण द्यावे लागतात, कारण इथे येणारी मंडळीही दोन प्रकारची. काहींना बर दुबई या जुन्या भागाजवळ जरा वेगळं हॉटेल हवं असतं. काहींना अटलांटिक ओलांडणारं खरंखुरं लायनर, म्हणजे सहलीसाठी नव्हे तर ठरलेल्या मार्गावर प्रवासी नेण्यासाठी बांधलेलं जहाज, आतून बघायचं असतं. दुसऱ्या गटातले बरेच जण उतरताना एकच प्रश्न विचारतात: इतकी धडधाकट बोट कुठलीतरी क्रूझ कंपनी पुन्हा चालवत का नाही? आमचं मत स्पष्ट आहे, चालवू नये. का ते पुढे येईलच, आधी मुक्कामाचं बघू.

टॅक्सीवाल्याला नुसतं 'पोर्ट रशीद' सांगू नका. त्याच बंदरात क्रूझ टर्मिनलही आहे आणि तिथे सोडलं तर उन्हात पायपीट होते. 'क्यूई-२ हॉटेल' असंच सांगा. मेट्रोने येणार असाल तर ग्रीन लाइनवरचं अल घुबैबा स्टेशन सोयीचं, पण पुढे टॅक्सी करावीच लागते.

खोली निवडताना लक्षात ठेवा की या मुळात १९६९ सालच्या केबिनी आहेत. हॉटेलसाठी काही भिंती पाडून खोल्या मोठ्या केल्या असल्या तरी छत खालीच राहतं आणि आकार एकसारखे नाहीत. जहाजाच्या बाजू पुढे-मागे निमुळत्या होतात, तशा खोल्याही होतात. एकाच वर्गाच्या दोन खोल्यांत पलंगाची जागा, कपाट, न्हाणीघर सगळं वेगळं निघू शकतं, म्हणून आरक्षण करतानाच चौरस मीटर विचारा. खालच्या डेकवर गोल खिडक्या असतात. त्या उघडत नाहीत आणि त्यांतून उजेड बेताचाच येतो. जहाजाचा अनुभव हवा असेल तर गोल खिडकीचीच खोली घ्या. लहान मुलं बरोबर असतील तर वरच्या डेकवरची मोठ्या खिडकीची खोली घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागातली, लिफ्टजवळची खोली मागावी. लायनरचे डेक सपाट नसतात, मधून पुढच्या आणि मागच्या टोकाकडे हळूहळू चढत जातात. लांब बोळात उभं राहून टोकाकडे पाहिलं की जमीन वर उचलल्यासारखी दिसते. तिथून चाकांची बॅग ओढताना ते हाताला लगेच कळतं. व्हीलचेअर असेल तर उघड्या डेककडे जाणाऱ्या कुठल्या दारांना उंबरा नाही ते आधीच विचारून घ्या.

सार्वजनिक दालनं हे या हॉटेलचं खरं भांडवल. टू डेकवरची गोल मिडशिप्स लॉबी आणि क्वार्टर डेकवरची क्वीन्स रूम चुकवू नका. क्वीन्स रूमचे खांब उलट्या तुतारीसारखे वर फुलत जातात. खांब बारीक ठेवून छत हलकं भासवण्याची ही साठच्या दशकातली युक्ती आजही फसवते. चार्ट रूम आणि गोल्डन लायन पब बसायला छान आहेत. जेवणासाठी मात्र मुद्दाम इथे यावं असं नाही. बर दुबईतला मीना बाजार टॅक्सीने जवळच आहे आणि तिथे पोट आणि खिसा दोन्ही जास्त समाधानी राहतात. हॉटेलचे गुण कापले गेले ते यासाठी, आणि खालच्या केबिनींत डांबल्यासारखं वाटतं त्यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे. क्यूई-२ स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला बांधली. २० सप्टेंबर १९६७ रोजी तिचं जलावतरण झालं आणि मे १९६९ मध्ये साउदम्प्टन ते न्यूयॉर्क ही पहिली फेरी. लांबी ९६३ फूट, रुंदी १०५ फूट. रुंदी मुद्दाम इतकीच ठेवली होती, कारण तिला पनामा कालव्यातून जाता यायला हवं होतं. वरचे मजले अ‍ॅल्युमिनियमचे केले. वजन वाचलं, एक डेक जादा चढवता आला आणि आधीच्या क्वीन जहाजांपेक्षा ती कमी खोल पाण्यातही तरंगू लागली. हिशोब हुशारीचा होता, पण दुरुस्तीत त्याची किंमत मोजावी लागते. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या दमटपणात एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून दोघांच्या मध्ये विजेला अडवणारा थर घालावा लागतो. तो थर म्हातारा झाला की जोडाखाली पांढरी भुकटी जमते आणि पत्रा फुगतो. वरून रंग मारून हे झाकता येतं, पण थांबत नाही. शिवाय जहाज लाटेवर वाकतं तेव्हा दोन्ही धातू सारखे वाकत नाहीत, त्यामुळे खिडक्यांच्या कोपऱ्यांना भेगा पडतात. धक्क्याला बांधलेल्या जहाजाला हे वाकणं सोसावं लागत नाही, आणि हॉटेल म्हणून ती टिकून राहण्याचं एक मोठं कारण हेच आहे.

इंजिनांचं तर विचारूच नका. मूळची वाफेची टर्बाइनं पहिल्याच चाचण्यांत बिघडली आणि तिच्या मालक कंपनीने, कुनार्डने, जहाज ताब्यात घ्यायला नकार दिला होता. पुढे १९८६-८७ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनच्या लॉइड वेर्फ्ट गोदीत बॉयलर आणि टर्बाइनं उपसून काढली, 'मान' कंपनीची नऊ डिझेल इंजिनं बसवली आणि त्यांच्या विजेवर दोन मोठ्या मोटर फिरवल्या. इंधन साधारण एक तृतीयांश वाचलं. चिमणी जाड झाली ती तेव्हाच, कारण नऊ इंजिनांच्या धुराचे नळ जुन्या बारीक चिमणीत मावेनात. लायनरला नवं आयुष्य देण्याचं हे सर्वात यशस्वी काम. पण तेव्हा जहाज अठरा वर्षांचं होतं, रोज चालत होतं आणि त्याचे ठरलेले प्रवासी होते. त्यातलं काहीच आज उरलेलं नाही. २००७ मध्ये दुबई वर्ल्डच्या इस्तिथमार या गुंतवणूक कंपनीने ती १० कोटी डॉलरला घेतली, नोव्हेंबर २००८ मध्ये ती दुबईला पोचली, आणि नेमकी तेव्हाच जगभरची मंदी आली. हॉटेल उघडलं ते एप्रिल २०१८ मध्ये.

पुन्हा समुद्रात न्यायचं म्हटलं तर कामं कुठल्या क्रमाने करावी लागतील ते बघा. प्रथम कोरड्या गोदीत घेऊन सगळ्या पत्र्यांची जाडी अल्ट्रासाउंडने मोजायची. मूळ जाडीच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त झिजलेला पत्रा कापून नवा घालायचा. सर्वात वाईट अवस्था असते ती जलरेषेच्या पट्ट्यात आणि तोल राखायला पाणी भरतात त्या बॅलास्ट टाक्यांच्या आत, जिथे रंगाचा ब्रश पोचत नाही. मग अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे उष्णता अडवणारे पण फुप्फुसांना घातक तंतू. त्या काळच्या जहाजांत नळांभोवती, भिंतींच्या फळ्यांत, छतात ते भरलेलं असतं आणि त्याला हात लावायचा तर तो भाग बंदिस्त करूनच. त्यानंतर आगीचे नियम: जळाऊ लाकूडकाम काढा, बंद जिने करा, स्प्रिंकलर घाला. ज्या दालनांसाठी लोक येतात तीच इथे उसकटावी लागतात. शेवटी स्थैर्य. बाजूला भोक पडल्यावर जहाज किती कलू शकतं याचे आजचे निकष जुन्या कप्प्यांच्या रचनेने सहसा पुरे होत नाहीत. मोठा फेरबदल केला की 'जुनं जहाज' म्हणून मिळणारी सवलतही बरीचशी जाते.

क्रिस्टल क्रूझेसला २०१६ मध्ये नेमकं हेच कळलं. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी 'एसएस युनायटेड स्टेट्स' पुन्हा चालवायची घोषणा केली. १९५२ मध्ये पहिल्याच फेरीत तीन दिवस दहा तास चाळीस मिनिटांत अटलांटिक ओलांडून विक्रम करणारं हे जहाज. खर्चाचा अंदाज ७० ते ८० कोटी डॉलर. ऑगस्टमध्ये त्यांनी माघार घेतली: आजच्या नियमांसाठी सुमारे पाव जहाजाचा सांगाडा नव्याने बांधावा लागणार होता. अ‍ॅस्बेस्टॉस तर १९९० च्या दशकातच काढून झालं होतं, म्हणजे सगळ्यात घाणेरडं काम आधी उरकलेलं असूनही आकडा जमला नाही. पुढे फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीने ते कृत्रिम खडक म्हणून समुद्रतळाशी बसवण्यासाठी घेतलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाहून ते ओढून नेलं.

पुनरुज्जीवनाच्या बाजूने बोलणारे 'नॉर्वे'चं उदाहरण देतात, आणि ते उदाहरण खरोखर भक्कम आहे. फ्रान्सचं १९६२ चं 'फ्रान्स' जहाज १९७४ पासून बंद पडून होतं. नॉर्वेच्या क्नूट क्लोस्टरने ते १९७९ मध्ये १.८ कोटी डॉलरला घेतलं. कॅरिबियनमध्ये तीस नॉटचा वेग कुणाला हवा होता? पुढची इंजिनरूम बंद केली, जहाज ढकलणाऱ्या चार पंख्यांपैकी दोनच ठेवले आणि इंधनाचं बिल आटोक्यात आणलं. छोट्या बेटांच्या धक्क्यांना इतकी खोल बोट लावता येत नव्हती, म्हणून प्रवासी उतरवायला दोन मोठ्या होड्या पुढच्या डेकवरच बसवल्या. १९८० पासून दोन दशकांहून अधिक काळ हे चाललं. तेव्हा त्या आकाराचं दुसरं क्रूझ जहाजच नव्हतं, हेही विसरू नये.

बॉयलर मात्र जुनेच ठेवले. २५ मे २००३ रोजी मायामीत त्यातला एक फुटला आणि आठ खलाशी गेले. अमेरिकी चौकशीत चालवण्यातली, देखभालीतली आणि तपासणीतली ढिलाई पुढे आली. लायनरचा बॉयलर दिवसचे दिवस सलग पेटता ठेवण्यासाठी बनवलेला असतो. दर दोन दिवसांनी बंदर, मग पुन्हा वाफ, असं गरम-थंड होत राहिलं की जाड धातूच्या जोडांना भेगा पडतात. तेच जहाज पुढे 'ब्लू लेडी' नावाने आपल्या शेजारच्या गुजरातेत अलंगला आलं. अ‍ॅस्बेस्टॉसवरून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २००७ मध्ये परवानगी मिळाल्यावर ते तिथेच तोडलं गेलं.

कुणी म्हणेल, मुंबईहून गोव्याला जाणारी कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची 'एम्प्रेस' तरी कुठे नवी आहे? बरोबर, ती १९९० ची. पण ती जन्मापासून क्रूझ जहाज आहे: डिझेल इंजिनं, सारख्या मापाच्या केबिनी, एकाच वर्गाची रचना. जुन्या लायनरची अडचण नुसतं वय ही नाही. त्यात वर्गवारीमुळे बोळ आणि जिने दुहेरी असतात, बाल्कनीच्या केबिनी अगदी थोड्या असतात, आणि आजच्या क्रूझचं उत्पन्न तर बाल्कन्यांवरच उभं आहे. लायनरचाच प्रवास हवा असेल तर त्याच कुनार्डने 'क्वीन मेरी २' नवी बांधली. ती २००४ पासून अटलांटिकवर धावते आहे. आमच्या मते पैसे घालायचे तर असे घालावेत.

धक्क्यावरचं हॉटेल हाही काही स्वस्त मार्ग नाही. 'रॉटरडॅम' या जुन्या डच लायनरचं हॉटेल करताना डच गृहनिर्माण संस्थेचा खर्च २० कोटी युरोच्या वर गेला आणि २०१३ मध्ये जहाज सुमारे ३ कोटींना विकावं लागलं. कॅलिफोर्नियात लाँग बीचला हॉटेल झालेल्या जुन्या 'क्वीन मेरी'ला २०१७ च्या पाहणीत २३.५ ते २८.९ कोटी डॉलरची दुरुस्ती सांगितली गेली. दोन्हीकडे चूक एकच: दालनांना पॉलिश, तळाकडे दुर्लक्ष. तरंगत्या हॉटेलच्या देखभालीत आधी पाण्याखालचा गंज विजेने रोखणारी यंत्रणा, मग तळाशी साचलेलं पाणी उपसणारे बिल्जचे पंप, मग रिकाम्या टाक्यांतली हवा कोरडी ठेवणं, आणि गालिचे सर्वांत शेवटी. दुबईत उन्हाळ्यातला दमटपणा आणि खारी हवा यांमुळे ही यादी आणखी कडक पाळावी लागते. धक्क्यावरून चालताना नांगराच्या भोकाखाली तांबडे ओघळ दिसले तर घाबरू नका, तो वरवरचा गंज. जलरेषेलगत रंगाला फोड आणि त्याखाली पापुद्रे दिसले तर मात्र ते गंभीर.

जायचं तर नोव्हेंबर ते मार्च. बाकीच्या महिन्यांत उघडे डेक दुपारी निरुपयोगी होतात, आणि बंद खोलीत बसायला दुबईत याहून मोठ्या खोल्या स्वस्तात मिळतात. मार्गदर्शकासह होणारी सशुल्क फेरी मुक्काम न करणाऱ्यांनाही घेता येते. आधी ती करा, सुकाणूघर तिच्यात आहे का ते विचारूनच तिकीट घ्या, आणि जहाज आवडलं तरच रात्रीची खोली ठरवा.