नांगी मागच्या बाजूला असते : अबार्थ पुंटो, चार पावसाळ्यांनंतर

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने १४५ अश्वशक्तीची छोटी गाडी घ्यावी, याला शहाणपण म्हणता येणार नाही. सकाळी कासारवडवलीहून माजिवड्याकडे निघाले की मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमधून गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, आणि रात्री रस्ता मोकळा झाला की न्हावाशेवा बंदराकडून गुजरातेत जाणाऱ्या कंटेनरांची रांग सुरू होते. तरीही २०२१ च्या मे महिन्यात मी २०१६ सालची, पांढऱ्या रंगाची, दारावर लाल पट्टा असलेली अबार्थ पुंटो वापरलेल्या स्थितीत विकत घेतली. तिने चार पावसाळे काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. पहिल्या पावसाळ्यातच लिहायला बसलो असतो, तर इंजिनाच्या कौतुकापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

फियाटने ही गाडी ऑक्टोबर २०१५ मध्ये भारतात आणली, तेव्हा दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार रुपये होती. दहा लाखांच्या आत एवढी ताकद दुसरे कोणी देत नव्हते. बांधणी आपल्याच रांजणगावच्या कारखान्यातली. नाव मात्र कार्लो अबार्थ यांचे, ज्यांनी १९४९ मध्ये इटलीत शर्यतीच्या गाड्यांचा व्यवसाय सुरू केला आणि स्वतःची रास वृश्चिक म्हणून बोधचिन्हात विंचू घेतला. तो विंचू माझ्या गाडीच्या नाकावर आहे, चाकांवर आहे आणि मागच्या दारावरही आहे. त्याची नांगी कोणत्या टोकाला असते, हे मला फार उशिरा कळले.

आधी इंजिन. १३६८ सीसीचे टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन २१२ न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि कंपनीच्या दाव्यानुसार गाडी शून्यावरून शंभराचा वेग ८.८ सेकंदांत गाठते. आकड्यांपेक्षा ती ताकद येते कशी, हे महत्त्वाचे आहे. इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली गाडी अगदी सुस्त, जणू साधीच पुंटो. अडीच हजारांनंतर टर्बो भरतो आणि मग जे येते ते एकदम येते. त्या क्षणी चाके सरळ नसतील तर स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढ घेते, कारण ताकदही पुढच्याच चाकांना आणि दिशा देण्याचे कामही पुढच्याच चाकांना. कोलशेतहून वर येणाऱ्या रस्त्याने मुख्य रस्त्याला लागताना दुसऱ्या गिअरमध्ये डावीकडे वळत घाईने पाय दाबला, तर ही ओढ मनगटाला स्पष्ट जाणवते. हायड्रॉलिक स्टिअरिंग जड आहे, पण रस्ता कसा आहे ते प्रामाणिकपणे सांगते. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत व ते उत्तम आहेत. जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर, म्हणजे साध्या पुंटोहून बरीच कमी, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या गतिरोधकावरून गाडी तिरकी न्यावी लागते. आतली मांडणी जुनी, मागची जागा जेमतेम, शहरात लिटरला नऊ-दहा किलोमीटर. एवढ्यावर हा भाग संपवतो, कारण या गोष्टींसाठी ही गाडी कोणी घेत नाही.

आता मूळ मुद्दा. जुलै २०२१ मधल्या एका रविवारी सकाळी मी फाउंटन हॉटेलच्या नाक्याकडून ठाण्याकडे येत होतो. रिमझिम पाऊस, रस्ता ओला, गायमुखचा घाट. नुकताच एका टेम्पोला, टर्बो दाखवण्याच्या हौसेने, गरज नसताना ओलांडले होते. उताराच्या वळणात शिरल्यावर पुढे थांबलेल्या ट्रकचे दिवे दिसले आणि कोणीही करील तेच मी केले : अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. वेग पंचावन्नच्या आसपास होता, ब्रेकला पाय लागलाही नव्हता. गाडीचे नाक वळणाच्या आत ओढले गेले आणि मागचा भाग बाहेरच्या बाजूला निसटला. दोन मार्गिका आडव्या व्यापून, दुभाजकापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मागचा कंटेनरवाला वेळेवर थांबला, म्हणून हे लिहिता येत आहे.

सोमवारी वागळे इस्टेटमधल्या माझ्या मेकॅनिकने गाडी जॅकवरही चढवली नाही. मागच्या टायरशेजारी उकिडवा बसून त्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले आणि म्हणाला, "साहेब, पुढचे दोन तुम्हाला दाखवायला नवे टाकलेत. मागचे २०१५ च्या चौतिसाव्या आठवड्यातले आहेत. पावसात ही गाडी मागूनच जाणार." आकडे होते ३४१५. ज्या दुकानातून मी गाडी घेतली, त्याचे नाव येथे लिहीत नाही. नवे टायर पुढे टाकायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. पुढची चाके चालवणाऱ्या गाडीला नवे टायर पुढेच हवेत, असा समज इतका पक्का आहे की ग्राहकही त्याने खूश होतो. प्रत्यक्षात ओल्या रस्त्यावर पुढची पकड घट्ट आणि मागची निसरडी, ही सर्वांत वाईट जोडी. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे टाकावेत. अर्थात टायरने पाय उचलला नव्हता, आणि टेम्पोला ओलांडायला दुकानदाराने सांगितले नव्हते.

पाय उचलल्यावर नेमके काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. गाडीचे वजन सुमारे बाराशे किलो, त्यातले बरेचसे पुढे, इंजिनावर. मागच्या दोन चाकांवर मिळून ढोबळ हिशेबाने साडेचारशे किलो येतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय एकदम सोडला की इंजिनच ब्रेकसारखे वागते, गाडी पुढे झुकते आणि मागच्या चाकांवरचे चाळीस-पन्नास किलो पुढच्या चाकांवर सरकतात. सरळ रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाही. वळणात मात्र पुढची पकड वाढते आणि मागची त्याच क्षणी घटते, आणि अडीच मीटर अंतराच्या दोन धुऱ्यांवर उभी असलेली आखूड गाडी लांब सेडानच्या मानाने फार चटकन फिरते. त्यात अशा गाड्यांचे मागचे सस्पेन्शन मुद्दाम कडक ठेवलेले असते, कारण तसे केले नाही तर पुढचा भाग वळणात सरळच जाऊ पाहतो आणि चालवणाऱ्याला गाडी मठ्ठ वाटते. ज्या गुणासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो, त्याचीच ही दुसरी बाजू आहे.

ही गोष्ट पुंटोचीच नाही. फोक्सवॅगनने १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ११० अश्वशक्तीची गोल्फ जीटीआय मांडली आणि १९७६ पासून ती विकायला सुरुवात केली, तेव्हापासून भाजी आणायच्या गाडीत शर्यतीचे इंजिन ही कल्पना रुजली. १९८४ मध्ये आलेली प्यूजो २०५ जीटीआय तर वळणात पाय उचलला की मागून निसटण्यासाठीच ओळखली जाते. जाणकार तिच्या याच स्वभावावर जीव टाकतात आणि अननुभवी लोकांनी तिला मागच्या बाजूने कुंपणात घातलेही. युरोपात या खोडीची चर्चा गेली चाळीस वर्षे चालू आहे. आपल्याकडे मात्र विक्रेता, ड्रायव्हिंग स्कूल आणि घरचे वडीलधारे, तिघेही एकच सांगतात, "काही वाटलं तर पाय उचल." नव्वद टक्के वेळा तो सल्ला बरोबर असतो, आणि उरलेल्या वेळी कसे वागायचे ते कोणी सांगत नाही.

सांगत नाही, म्हणून मी स्वतः शिकायचे ठरवले. भिवंडीला एका मित्राचे गोदाम आहे. त्याच्या आवारात काँक्रीटचा मोठा चौक आहे, रविवारी तिथे चिटपाखरू नसते. चारही टायर नवे घातल्यावर, त्याच्या परवानगीने, तिथे पाणी मारून साधारण शंभर फूट व्यासाचे वर्तुळ प्लॅस्टिकच्या रिकाम्या ड्रमांनी आखले. तीस किलोमीटरच्या वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्या मारायच्या, पाय स्थिर ठेवायचा. गाडी रेघेवरून हलत नाही. पाय हळूहळू सोडला तर नाक थोडे आत येते, आणि ते सुखद आहे. पाय झटक्यात काढला तर मागचा भाग सरकू लागतो. नव्या टायरांवर तो आधी सूचना देतो, सीटमधून कळते, मग उलट स्टिअरिंग द्यायला आणि पाय पुन्हा हलका ठेवायला वेळ मिळतो. ब्रेक मारला तर मात्र सगळेच बिघडते. या गाडीत दोन एअरबॅग आणि एबीएस आहे, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. म्हणजे ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ नयेत याची काळजी घेतली जाईल, पण गाडी फिरू लागली तर एखादे चाक आपोआप धरून तिला सरळ करणारे कोणी नाही. ते काम चालवणाऱ्याचे. या सर्व वर्षांत गाडीने मला सर्वाधिक आनंद कुठे दिला, असे विचारले तर मी तीस किलोमीटरच्या वेगातली ती दुपार सांगेन.

माझ्या भाच्याला हे पटत नाही. तो वाशीला राहतो, वय एकवीस. "मामा, एकदाच दे ना, पाम बीचला नेऊन आणतो," ही त्याची दर दोन महिन्यांची मागणी आहे. वाशीहून बेलापूरच्या किल्ल्यापर्यंत जाणारा पाम बीच रस्ता रुंद आहे, एका बाजूला खाडी आणि खारफुटी आहे, आणि शनिवारी रात्री तिथे सायलेन्सर बदललेल्या छोट्या गाड्या जमतात, हे नवी मुंबईत कोणाला सांगायला नको. त्या मुलांना मी बेदरकार म्हणतो, शूर म्हणत नाही, आणि माझा आक्षेप निव्वळ वेगापुरता नाही. सरळ रस्त्यावर अशी गाडी इतकी सोपी वाटते की शंभरच्या वेगाला आपण गाडी चालवतो आहोत असा भ्रम होतो. प्रत्यक्षात त्या वेळी चालवणाऱ्याने काही केलेलेच नसते, फक्त पाय दाबलेला असतो. परीक्षा होते ती सानपाड्याच्या मोराज सर्कलजवळ कोणी अचानक रस्ता ओलांडू लागले तर. साठच्या वेगात, कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर, ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला अठरा मीटर पुरतात. एकशेवीसला सत्तर मीटर लागतात, शिवाय प्रतिसादाच्या एका सेकंदात आधीच तेहतीस मीटर गेलेले असतात. आणि तेवढी जागा नाही म्हणून पाय उचलून स्टिअरिंग फिरवले, तर गायमुखला माझे जे पंचावन्नच्या वेगात झाले, तेच दुप्पट वेगात होणार.

कायद्याची बाजूही त्याला एकदा वाचून दाखवली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवल्यास सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. त्याने दंडाचा आकडा ऐकला आणि विचारले, "एवढाच?" भिवंडीच्या चौकात मात्र तो आला. पहिल्या दोन फेऱ्या मजेत झाल्या, तिसऱ्या फेरीत मी "सोड" म्हणताच त्याने पाय काढला आणि दुसऱ्याच क्षणी घाबरून ब्रेक दाबला. गाडी अर्धी गिरकी घेऊन आलेल्या दिशेकडे तोंड करून थांबली, एक ड्रम चेपला. त्यावर त्याचे पहिले वाक्य होते, "पण मी तर काहीच केलं नाही." चावी तो अजूनही मागतो, फक्त आता पाम बीचऐवजी भिवंडी म्हणतो.

नव्या गाड्यांशी तुलना केल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. जून २०२४ मध्ये आलेली टाटाची आल्ट्रोझ रेसर १२० अश्वशक्तीची आहे आणि तिला स्टॅबिलिटी कंट्रोल आहे. ह्युंदाईची आय-२० एन लाइनही तेवढ्याच ताकदीची. दोन्ही गाड्या माझ्या गाडीपेक्षा मऊ आहेत आणि ज्याला रोज कामावर जाऊन अधूनमधून मजा करायची आहे त्याच्यासाठी अधिक योग्य आहेत, हे मी पुंटोचा मालक असूनही मान्य करतो. मला त्यांत स्टिअरिंगचे ते जड, खरे बोलणे सापडले नाही, पण तो माझ्या आवडीचा प्रश्न झाला.

अबार्थ घ्यायचीच असेल, तर ही आजच्या बाजारातली स्थिती ध्यानात घ्यावी. फियाटने आपल्याकडची विक्री केव्हाच थांबवली असल्यामुळे गाडी वापरलेलीच मिळेल. बंपर आणि दिवे यांसाठी वाट पाहण्याची तयारी हवी. टर्बोचे पाइप, इंजिन माउंटिंग, पुढचे लोअर आर्म यांच्यावर आधी मेकॅनिकची नजर फिरवावी. आधीच्या मालकाने इंजिन रिमॅप करून ताकद वाढवलेली असेल तर मी ती गाडी घेणार नाही, कारण वाढलेली ताकदही त्याच दोन चाकांनी झेलायची असते. पावसाळ्यात चालवून पाहता आली तर उत्तम, पण घाटात नव्हे. आणि विक्रेता पुढच्या टायरांचे कौतुक करत असताना खाली वाकून मागच्या टायरांवरचे चार आकडे वाचावेत, मग किमतीचे बोलणे सुरू करावे.